परवाना देशाचा, पत्ता राज्याचा

मोटार चालवण्याचा परवाना भारतातील कोणत्याही राज्यात काढलेला असला तरी तो देशभर चालतो, ही गोष्ट मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ मध्ये एका वाक्यात सांगून टाकलेली आहे, आणि तिचा लाभ शिकाऊ परवान्यालाही मिळतो. असे असूनही पुणे, नागपूर किंवा सांगलीहून नोकरीसाठी, शिक्षणासाठी अथवा बदली होऊन दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांत हा प्रश्न पडतोच, की आता इथले लायसन नव्याने काढावे लागणार काय. त्यावर शेजारी, कार्यालयातील सहकारी आणि परिवहन कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेला दलाल अशी तिघांकडून तीन उत्तरे मिळतात. तिन्हींत थोडे थोडे तथ्य असते, कारण तिघेही तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात : एक परवान्याबद्दल, दुसरा परवान्यावरील पत्त्याबद्दल आणि तिसरा गाडीच्या नोंदणीबद्दल. या तीन वस्तू कायद्याने निरनिराळ्या मानल्या आहेत आणि राज्याची हद्द ओलांडताना तिघींची गत निरनिराळी होते. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राइतका हा फरक देशात क्वचितच कुठे रोजच्या व्यवहारात जाणवत असेल.

महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत ज्याला 'अनुज्ञप्ती' म्हटले जाते आणि बोलताना ज्याला सर्रास लायसन म्हणतात, तो परवाना म्हणजे एखादी व्यक्ती ठरावीक वर्गाचे वाहन चालवण्यास पात्र आहे, याबद्दल सरकारी अधिकाऱ्याने दिलेला दाखला होय. ही पात्रता माणसाच्या अंगची असते. पुण्याच्या चालकाने भोसरीच्या चाचणी मार्गावर गाडी मागे घेऊन दाखवली असेल, तर ते कौशल्य यमुना ओलांडल्यावर नाहीसे होत नाही, आणि एका राज्याने घेतलेली परीक्षा दुसऱ्याने पुन्हा घेऊ नये, हे कलम १३ मागील साधे तत्त्व आहे. नोंदणी ही मात्र गाडीची असते. ती गाडी कोणाच्या मालकीची आहे, कुठे उभी राहते आणि तिच्यावरचा कर कोणत्या तिजोरीत जातो, हे त्या नोंदीवरून ठरते. लोक ज्याला आरसी बुक म्हणतात ते या नोंदणीचे प्रमाणपत्र.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना याच्या नेमकी उलट व्यवस्था भेटते. तेथे परवाना हा सर्वस्वी राज्याचा विषय आहे, आणि एका राज्यातून दुसऱ्यात कायमचे राहायला गेलेल्या माणसाला नव्या राज्याचा परवाना मुदतीत काढून जुना जमा करावा लागतो. ही मुदत कॅलिफोर्नियात दहा दिवसांची, न्यू जर्सीत साठ दिवसांची आणि टेक्सासमध्ये नव्वद दिवसांची आहे. एडिसनहून डॅलसला बदली झालेल्या अभियंत्याला म्हणूनच नव्या घराचे सामान उघडता उघडता परवान्याच्या कार्यालयाची वेळ घ्यावी लागते. दोन राज्यांचे दोन परवाने एकाच खिशात राहू नयेत आणि एका राज्यात केलेला गुन्हा दुसऱ्याच्या दप्तरात उमटावा, यासाठी तेथील बहुतेक राज्यांनी आपापसांत करार केलेला आहे. भारतात असल्या कराराची गरजच पडू नये अशी घटनेची रचना आहे, कारण यंत्राने चालणारी वाहने हा विषय सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, पस्तिसाव्या नोंदीत आहे. समवर्ती सूची म्हणजे ज्या विषयांवर संसद आणि राज्यांची विधिमंडळे दोन्ही कायदे करू शकतात अशा विषयांची यादी; संसदेने या विषयावर आधी १९३९ चा जुना कायदा चालू ठेवून आणि मग १ जुलै १९८९ पासून १९८८ चा अधिनियम अमलात आणून परवान्याचा एकच साचा देशभर घालून दिला. वाहनांवरील कर मात्र घटनाकारांनी राज्य सूचीत, सत्तावन्नाव्या नोंदीत ठेवला, आणि ती नोंद इतकी व्यापक आहे की यंत्राशिवाय चालणाऱ्या वाहनांवर, म्हणजे बैलगाडीवरसुद्धा, राज्य कर लावू शकते. चालवणारा मोकळेपणाने राज्याबाहेर जातो आणि त्याची गाडी मात्र हद्दीवर अडखळते, याचे मूळ या दोन नोंदींच्या वाटणीत आहे.

परवाना देशभर चालतो एवढ्याने प्रश्न मिटायला हवा होता, पण तो मिटत नाही, कारण त्याच अधिनियमात परवान्याला एक घर दिलेले आहे. नवा परवाना मागणाऱ्याने कलम ९ नुसार जेथे तो सामान्यतः राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील परवाना अधिकाऱ्याकडे, अथवा ज्या शाळेत तो गाडी शिकला ती शाळा जेथे आहे तेथील अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो; २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्या भागाचेच कार्यालय गाठावे लागे, आता त्या राज्यातील कोणतेही चालते. कलम ६ सांगते की एक परवाना अमलात असताना कोणीही दुसरा बाळगू नये. याला शिकाऊ परवान्याखेरीज एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो सरकारी मालकीची वाहने चालवण्यासाठी कलम १८ खाली दिल्या जाणाऱ्या परवान्याचा, आणि सैन्यातील चालकाकडे लष्करी व नागरी असे दोन परवाने निर्वेधपणे असू शकतात ते त्यामुळेच. इतरांनी राज्य बदलले म्हणून जुन्या परवान्याबद्दल मौन पाळून नव्या राज्यात पहिल्यापासून शिकाऊ परवाना, चाचणी आणि पक्का परवाना असा घाट घातला, तर ते कायदा पाळणे नसून मोडणे ठरते. दिल्लीत येऊन 'इथले नवे लायसन काढून घ्या, जुने राहू द्या' असा जो सल्ला मिळतो, तो याच कारणाने घातक आहे.

हा सल्ला इतकी वर्षे खपला, कारण तो पकडला जाण्याची शक्यता नगण्य होती. परवान्याच्या नोंदी आधी वह्यांत आणि नंतर प्रत्येक कार्यालयाच्या स्वतंत्र संगणकात असत, आणि कोल्हापूरच्या कार्यालयात कोणाच्या नावे काय आहे हे गाझियाबादच्या लिपिकाला कळण्याचा मार्ग टपालाखेरीज दुसरा नव्हता. गंमत अशी की कायद्याने ही अडचण ओळखून तिच्यावर उपायही सुचवला होता : कलम १५ नुसार परवान्याचे नूतनीकरण देशातील कोणताही परवाना अधिकारी करू शकतो, आणि त्याने ते केल्यास मूळ परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची खबर द्यावी, असे त्याच कलमात म्हटले आहे. ही खबर पाठवणे आणि तिची नोंद जुन्या वहीत लावणे हे काम दोन्ही टोकांच्या कार्यालयांवर अवलंबून असल्यामुळे, पुढे अनेक ठिकाणी उलटी रीत रूढ झाली. अर्जदारानेच आपल्या मूळ कार्यालयातून 'ना हरकत प्रमाणपत्र' आणावे, म्हणजे या परवान्यावर आमची काही बाकी नाही आणि तो खरा आहे, असा दाखला सादर करावा, असे सांगितले जाऊ लागले. दिल्लीतील नोकरदाराला त्या एका कागदासाठी रजा काढून गावी जावे लागे किंवा तेथल्या ओळखीच्या माणसाला कार्यालयात पाठवावे लागे, आणि चार दिवसांच्या या उलाढालीपेक्षा नवा परवाना काढणे सोपे वाटे. दुबार परवाने वाढले ते लोकांच्या लबाडीमुळे जितके, तितकेच या टपाली व्यवस्थेमुळेही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी देशातील सुमारे ३० टक्के परवाने बोगस असल्याचे संसदेत सांगितले होते. त्या आकड्यात नेमके काय काय मोडते यावर वाद होऊ शकतो, परंतु एकमेकांशी न बोलणाऱ्या दप्तरांचा त्यात मोठा वाटा असणार, असे मानायला जागा आहे.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे सरकारची संगणकीय कामे पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, परवान्यांसाठी 'सारथी' आणि गाड्यांसाठी 'वाहन' या दोन प्रणाली बांधल्या आणि हळूहळू राज्यांची दप्तरे त्यांत ओतली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम २५अ घालून परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीला कायद्याचा आधार दिला. तेव्हापासून राज्य बदलणाऱ्या चालकाच्या कामाचे स्वरूपच पालटले आहे. पूर्वी कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात न्यायचा असे, आता एकाच नोंदीतील पत्त्याचा रकाना बदलायचा असतो.

राजधानी क्षेत्रात हा रकाना बदलण्याचे प्रसंग इतरत्र येतात त्याहून अधिक वेळा येतात. मुंबईहून गडचिरोलीला बदली झालेला शासकीय कर्मचारी साडेआठशे किलोमीटरांहून अधिक अंतर जातो आणि तरी राज्य तेच राहते. याउलट द्वारकेतील भाडेकरू दहाबारा किलोमीटरवर गुरुग्राममध्ये घर घेतो आणि हरियाणाचा रहिवासी होतो, मयूर विहारचे कुटुंब यमुनेच्या त्याच काठावर थोडे पुढे सरकून नोएडात जाते आणि उत्तर प्रदेशचे होते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा १९८५ मध्ये झाला तो दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या या सलग पसरलेल्या वस्तीचा विचार एकत्र व्हावा म्हणून, परंतु त्या मंडळाच्या अखत्यारीत जमीन, रस्ते आणि वस्त्यांची आखणी येते. परवाने आणि कर ज्याच्या त्याच्या राज्याकडेच राहिले. मेट्रोच्या एका डब्यात सकाळी शेजारी बसलेल्या तिघांच्या गाड्यांवर डीएल, एचआर २६ आणि यूपी १६ अशा तीन राज्यांच्या पाट्या असतात. त्यातला पहिला संकेत नव्याने आलेल्याला हमखास गोंधळात टाकतो, कारण गाडीच्या पाटीवर डीएल म्हणजे दिल्ली आणि बोलण्यात डीएल म्हणजे ड्रायव्हिंग लायसन. 'डीएल का डीएल' ही त्या शहरातली अगदी साधी शब्दजोडी आहे.

कार्यालयांची नावेही तिन्ही बाजूंना सारखी नाहीत. महाराष्ट्रातून आलेला माणूस सवयीने 'आरटीओ'चा, म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा, पत्ता विचारतो, पण जुना दिल्लीकर त्याच कार्यालयाला 'अथॉरिटी' म्हणतो. माल रोडची अथॉरिटी, शेख सरायची अथॉरिटी, असा उल्लेख तेथे कानावर पडतो. नोएडात हे काम सहायक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याकडे असते. हरियाणात तर खासगी वाहनांचे परवाने परिवहन खाते देतच नाही, ते उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे महाराष्ट्रातील प्रांताच्या तोडीच्या महसूल अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून मिळतात. गुरुग्राममध्ये जाऊन आरटीओ शोधणारा मराठी माणूस म्हणूनच चुकीच्या दारात उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर ही सगळी दारे एकाच यादीत दिसतात, आणि तेथे नेहमी होणारी चूक म्हणजे अर्जदार परवाना मूळ ज्या राज्याचा आहे ते राज्य निवडतो. पत्ता बदलायचा तर आता जेथे राहायचे आहे ते राज्य निवडावे लागते. पुण्याचा परवाना दिल्लीच्या पत्त्यावर आणायचा असेल तर अर्ज दिल्लीच्या खिडकीतच करायचा असतो.

पत्ता बदललाच पाहिजे काय, हा यापुढचा प्रश्न. अधिनियमातील कलम ४९ पत्ता बदलल्यापासून तीस दिवसांत कळवण्याचे बंधन घालते, पण ते गाडीच्या मालकावर, परवानाधारकावर नाही; परवान्यावरील पत्ता बदलल्याची खबर देण्याचे बंधन निरनिराळ्या राज्यांच्या नियमांत आढळते. रस्त्यावरचा वाहतूक पोलीस मात्र पाहतो ते परवाना खरा आहे काय, मुदतीत आहे काय आणि चालवत असलेल्या गाडीच्या वर्गाचा आहे काय, एवढेच. हे तीन निकष पूर्ण असताना त्यावर कोथरूडचा पत्ता आहे म्हणून तो विनापरवाना चालवणे ठरत नाही, आणि त्या गुन्ह्याचा पाच हजार रुपयांचा दंड लागू होत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आलेला विद्यार्थी किंवा जुन्या राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा उमेदवार आपल्या घरच्या पत्त्याच्या परवान्यावर ही वर्षे सुखाने काढू शकतो, आणि त्याने काढावीत हेच व्यवहार्य आहे, कारण त्याचा कायमचा पत्ता खरोखरच गावचा असतो.

पत्ता बदलण्याची खरी वेळ येते ती मुदत संपत आल्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत मिळालेला खासगी वाहनांचा परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो, तीस ते पन्नास या वयात मिळालेला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयात मिळालेला साठीपर्यंत आणि त्यानंतरचा पाच पाच वर्षे. त्यापूर्वीचे परवाने वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांपैकी जे आधी येईल तोवरचे आहेत. मुदत संपण्याच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते वर्षही उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो : मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू समजला जाण्याची जुनी सवलत त्याच दुरुस्तीने काढून टाकली आहे, त्यामुळे नंतरचे वर्ष हे अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. चाळिशी ओलांडलेल्याला अर्जासोबत नमुना १अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि हे काम घराजवळच्या डॉक्टरकडून व घराजवळच्या कार्यालयातून होत असल्यामुळे नूतनीकरण आणि पत्ताबदल एकाच वेळी उरकणे सोयीचे पडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पत्ताबदलाचे शुल्क २०० रुपये आहे, कार्डाचे आणखी २०० आणि त्यावर राज्याचा काही सेवा आकार. दलाल जी रक्कम सांगतो तिच्याशी हे आकडे ताडून पाहण्यासारखे असतात.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये अठरा सेवा आधार क्रमांकाच्या पडताळणीवर, कार्यालयात न जाता, मिळतील असे जाहीर केले आणि त्यांत पत्ताबदल होता. दिल्ली सरकारने ११ ऑगस्ट २०२१ रोजी तेहतीस सेवा 'चेहराविरहित' केल्या, आणि मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी आयपी इस्टेट येथील परिवहन कार्यालयाला समारंभपूर्वक कुलूप लावले. कुलूप लावून उद्घाटन करण्याचा हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे. चेहराविरहित म्हणजे अर्जदार आणि लिपिक यांची गाठच पडू नये अशी व्यवस्था : अर्जदाराची ओळख आधारवरून पटते, शुल्क घरून भरले जाते आणि नवे कार्ड टपालाने येते. या व्यवस्थेने लिपिकाची खिडकी बंद केली, पण त्या खिडकीत ज्या गोष्टी तोंडी समजावून सुटत असत त्यांचे काय, हा प्रश्न तिने अर्जदाराच्या दारात आणून सोडला, आणि महाराष्ट्रातून आलेल्यांच्या बाबतीत त्यांतल्या काही गोष्टी खास मराठी आहेत.

पहिली गोष्ट नावाची. मराठी रीतीत माणसाच्या नावात वडिलांचे आणि विवाहित स्त्रीच्या नावात नवऱ्याचे नाव मधोमध असते, आणि जुन्या सरकारी कागदांवर आडनाव आधी लिहिण्याची पद्धत होती. एकाच व्यक्तीचे नाव परवान्यावर आडनावापासून सुरू होणारे तीन शब्दांचे, आधारवर दोन शब्दांचे आणि पारपत्रावर तिसऱ्याच क्रमाने असणे, हे महाराष्ट्रात इतके नित्याचे आहे की कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण दोन नोंदींतील अक्षरे जुळवून पाहणाऱ्या संगणकाला ती दोन माणसे वाटतात. लग्नापूर्वी नागपुरात परवाना काढून लग्नानंतर दिल्लीत आलेल्या स्त्रीचे नाव, आडनाव आणि पत्ता तिन्ही बदललेले असतात. अशा वेळी आधी आधारवरील नाव व पत्ता दुरुस्त करून मग परवान्याकडे वळणे, हा क्रम पाळला तर फेटाळलेल्या अर्जांची साखळी टळते. दुसरी गोष्ट भ्रमणध्वनीची : सारथीतील नोंदीला जो क्रमांक जोडलेला असतो त्यावरच एकवेळचा संकेतांक येतो, आणि तो क्रमांक पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने स्वतःचा टाकलेला असल्याचे या टप्प्यावर उघडकीस येते.

तिसरी अडचण सर्वांत जुनी. संगणकाआधीच्या काळात महाराष्ट्रात परवाना छोट्या पुस्तिकेच्या रूपात मिळे, आणि त्यांतल्या अनेक पुस्तिकांच्या नोंदी अजूनही राष्ट्रीय नोंदवहीत चढलेल्या नाहीत. परवाना अस्सल असतो, त्यावर गोल शिक्का असतो, पण दिल्लीतून क्रमांक टाकला की पडद्यावर काहीच उमटत नाही. यावरचा उपाय मूळ कार्यालयाच्याच हातात असतो. तेथील लिपिकाने जुन्या वहीतून ती नोंद शोधून प्रणालीत भरायची असते, आणि परिवहनाच्या भाषेत तिला 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी विटा, खानापूर, आटपाडी भागांतून उत्तरेकडे गेलेल्या कुटुंबांतील ज्येष्ठांकडे अशा पुस्तिका निघतात, आणि त्यांच्यासाठी गावच्या जत्रेला जाताना पुस्तिका सोबत नेऊन सांगलीच्या कार्यालयात ही नोंद करवून घेणे हाच जवळचा मार्ग ठरतो. नोंद एकदा चढली की पुढचे सगळे दिल्लीतून होते.

पत्ता सिद्ध कसा करायचा, हे मात्र संगणकाने सोडवलेले नाही. केंद्रीय नियमांतील चौथा नियम निवास आणि वय यांचे पुरावे सांगतो, त्यांत मतदार ओळखपत्र, पारपत्र, विमा पॉलिसी, सरकारी कार्यालयाचे वेतनपत्रक अशी कागदपत्रे येतात आणि आता आधार. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्याला ती सहज मिळतात. करोलबागेत खोली भाड्याने घेणाऱ्याला घरमालक लेखी करार द्यायला तयार नसतो, कारण करार झाला की भाडे कागदावर येते. मग आधारवरचा पत्ता बदलत नाही आणि आधार बदलला नाही की परवानाही बदलत नाही. राज्य बदललेल्या माणसाची खरी परीक्षा चाचणी मार्गावर होत नाही, ती भाडेकराराच्या वाटाघाटीत होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

खिशात कार्ड हवेच असे आता राहिलेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये दिसणारा परवाना मूळ परवान्याच्या बरोबरीचा मानावा, आणि त्याच वर्षी केंद्रीय नियमही त्याप्रमाणे दुरुस्त झाले. भ्रमणध्वनीत काढून ठेवलेले छायाचित्र मात्र या सोयीत बसत नाही, कारण पोलिसाला नोंदवहीतील जिवंत नोंद पाहायची असते. १ ऑक्टोबर २०१९ पासून देशभर एकाच नमुन्याची कार्डे देण्याचे ठरले, तरी क्रमांकातील पहिली दोन अक्षरे आणि पुढचे दोन अंक परवाना मुळात कोठून निघाला ते सांगत राहतात; त्यानंतरचे चार अंक वर्षाचे आणि शेवटचे सात अनुक्रमाचे असतात.

गाडी सोबत आणली असेल तर प्रकरण वेगळ्या वाटेने जाते. कलम ४६ नुसार एका राज्यातील नोंदणी देशभर चालते खरी, पण कलम ४७ तिला मर्यादा घालते : गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र मूळ कार्यालयातून आणायचे, नव्या राज्याचा रस्ता कर भरायचा आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा, असा क्रम असतो. खासगी मोटारीचा कर बहुतेक राज्ये एकरकमी, पुढील कित्येक वर्षांचा, आधीच घेत असल्यामुळे मालकाला काही काळ तरी एकाच गाडीचा कर दोन तिजोऱ्यांत अडकवून ठेवावा लागतो, आणि परतावा वेळेवर पदरात पडेलच याची खात्री कोणी देत नाही. राज्याराज्यांतील दरांच्या याच तफावतीमुळे महागड्या गाड्या पुदुच्चेरीत नोंदवून दुसरीकडे फिरवण्याचे प्रकार गाजले होते.

बदलीच्या नोकरदारांसाठी केंद्राने १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' म्हणजे भारत मालिका सुरू केली. संरक्षण दलांतील व सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील नोकर यांना ती मिळते. पाटीवर राज्याच्या संकेताऐवजी नोंदणीचे वर्ष आणि बीएच ही अक्षरे येतात. कर दोन वर्षांचा किंवा दोनाच्या पटीतल्या वर्षांचा भरायचा असतो. दहा लाखांखालील गाडीला आठ, दहा ते वीस लाखांच्या गाडीला दहा आणि त्यावरील गाडीला बारा टक्के असे दर आहेत, डिझेलला दोन टक्के जादा आणि विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. चौदा वर्षांनंतर हा कर दरसाल घेतला जातो. प्रारंभी ही सोय नव्या गाड्यांपुरती होती, डिसेंबर २०२२ मध्ये ती आधी नोंदलेल्या गाड्यांनाही खुली झाली. स्वतःचा धंदा असलेल्या गलाईवाल्याला, एकाच शहरात कार्यालय असलेल्या छोट्या कंपनीतील कारकुनाला किंवा निवृत्त शिक्षकाला मात्र तिचा उपयोग नाही.

दिल्लीकडे जुनी गाडी नेणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधीच तपासायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांनी राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या व दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली. पुढे २०२५ मध्ये त्याच न्यायालयात हा विषय पुन्हा उघडला गेला आणि कारवाईच्या अटी बदलत गेल्या. महाराष्ट्रात सुस्थितीत धावणारी बारा वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत आणून तिची नोंदणी बदलण्याचा बेत याच आदेशांशी अडखळतो. उलट दिशेने, दिल्लीत दहा वर्षे वापरलेल्या डिझेल गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरतात, आणि अशी गाडी स्वस्तात घेऊन गावी नेणाऱ्याला आधी दिल्लीचे ते प्रमाणपत्र, मग महाराष्ट्राचा कर आणि मग नवा क्रमांक, असा सगळा क्रम उलट्या बाजूने पुरा करावा लागतो. ती गाडी दिल्लीहून हाकत आणणाऱ्याचा परवाना मात्र सबंध वाटेवर, हरियाणा, राजस्थान, गुजरात किंवा मध्य प्रदेश, जी वाट धरावी तेथे, तसाच चालतो.